वसंतांतील द्राक्षयात्रा : भूमकडील शेतकऱ्यांकरितां एक योजना

युरोपांतील इटली देशांत टस्कनी व पीडमाँट या प्रांतांमध्यें डोंगरांच्या उतारांवर द्राक्षांचे मळे कोसच्या कोस पसरलेले आहेत. वसंतऋतूंत तेथें सहलीस जाण्याची चाल आपल्याकडील पुण्या-मुंबईच्या सधन कुटुंबांतही आतां पडली आहे. हे लोक फ्लॉरेन्स किंवा सिएना यांपैकीं एका शहरीं बिऱ्हाड करितात, सकाळीं न्याहारी करून निघतात, एकदोन मळे व तेथील मद्याचीं तळघरें पाहतात, आणि रात्रीं पुन्हा त्याच बिऱ्हाडीं परततात. रोज गांठोडें बांधण्याची दगदग नाहीं, आणि एकच मुलूख चारी बाजूंनीं पाहावयास मिळतो. ही रीत शेतकऱ्यानें उचलण्यासारखी आहे. मात्र ती उचलण्याकरितां इटलीस जाण्याचें कारण नाहीं. भूमपासून एका दिवसांत जाऊन परत येतां येईल अशा अंतरावर द्राक्षाचा मुलूख आहे, व त्यांत इटलीहून आलेली वेलही आहे.

हा विषय आजच काढण्याचें कारण असें कीं, आपल्या तालुक्यांतील कांहीं तरुण शेतकरी द्राक्षबाग लावण्याच्या विचारांत आहेत. कोणीं माघ महिन्यांत सोलापूरकडे पाहुण्यांच्या बागेंत मंडपाखालीं लोंबणारे घड पाहिले, कोणीं नाशिकच्या मळ्यांचीं चित्रें पाहिलीं, आणि मन त्यावर बसलें. मनास दोष देतां येत नाहीं. घडांनीं भरलेल्या मंडपाखालीं उभें राहिल्यावर ज्याचें मन हलणार नाहीं तो शेतकरीच नव्हे. परंतु लोखंड, तार, ठिबकच्या नळ्या, खुंटरोपें व कलमें, आणि पहिलें पीक हातीं येईपर्यंतची मजुरी धरली म्हणजे एका एकरास कित्येक लाख रुपये लागतात, व ते बहुधा कर्जाचे असतात. एवढी रक्कम जमिनींत पुरण्यापूर्वीं आठ दिवसांची सहल करणें हा खर्च नव्हे.

सहल केव्हां करावी, हें वेलीच्या वर्षावरून ठरतें. पंचांगांतील सुटीवरून ठरत नाहीं. इटलींत हिवाळ्यांत थंडीनें वेल निजते. तिची छाटणी त्या झोपेंतच होते, मार्चअखेर ते एप्रिलांत डोळे फुटतात, मे-जूनमध्यें फुलोरा येतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत तोडणी होते. म्हणजे वसंतांत इटलीस गेलेल्या माणसास कोंवळीं पानें दिसतात. द्राक्षाचा एक मणीही दिसत नाहीं. आपल्याकडे थंडी इतकी पडत नाहीं कीं वेल निजावी. ती बारमाही जागी असते, आणि तिला झोप नाहीं म्हणून बागाइतदार कात्रीनें तिचें वर्ष पाडतो. एप्रिलांत एक खरड छाटणी करावयाची, तिच्यापासून काड्या वाढवावयाच्या. ऑक्टोबरांत, पाऊस सरल्यावर, दुसरी गोड छाटणी करावयाची, तिच्यापासून फळ घ्यावयाचें. इटलींत पाऊस हिवाळ्यांत अधिक व उन्हाळा कोरडा. आपल्याकडे नेमकें उलट. पावसाळ्यांत घड धरले तर केवडा व करपा ते खाऊन टाकतात, म्हणून फळ हिवाळ्याच्या कोरड्या हवेंत ढकलावें लागतें. दोन छाटण्यांमागील कारण एवढेंच आहे.

ही युक्ति नवी नाहीं, आणि तिचा जुना उल्लेख आपल्याच मराठवाड्यांतला आहे. चौदाव्या शतकांत दौलताबादेस आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानें तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां फळतात, असें लिहून ठेविलें आहे. वेलीस झोप नसल्याचा फायदा त्या काळींही कोणी माळी घेत होताच.

तेव्हां आपला वसंत म्हणजे तोडणीचा काळ. जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत ती चालते, व पाडव्याच्या सुमारास बहुतेक बागा मोकळ्या होतात. महाशिवरात्रीनंतर निघून होळीपूर्वीं परत यावें, हें आमच्या मतें उत्तम. महाशिवरात्रीस त्र्यंबकेश्वराकडे गर्दी असते व नाशिकांत बिऱ्हाड मिळणें कठीण जातें, म्हणून तो दिवस टाळावा. अडचण आहे ती आपल्या घरची. याच दिवसांत हरभरा काढणीस येतो व ज्वारीही फार मागें नसते. शिवाय आपला तालुका दूध-खव्याचा. म्हैस धन्याच्या सहलीसाठीं दोन दिवस धार थांबवीत नाहीं. म्हणून प्रत्येक घरांतून सर्वांनीं एकदम न जातां दोन तुकड्या कराव्या : पहिली तुकडी जवळच्या दोन दिवसांच्या फेऱ्यांस जाईल, दुसरी नाशिकास. आणि घरच्या बायकांस मागें ठेवूं नये. द्राक्षबागेंत घडांची विरळणी, मणी कात्रणें, घड द्रावणांत बुडविणें हीं कामें बहुतांशीं बायकाच करितात. आपल्या बागेंत हें काम कोणाच्या हातीं पडणार आहे, तिनें तें आधीं पाहिलेलें बरें.

पहिली फेरी नान्नजची. भूमहून बार्शी, बार्शीहून सोलापूरच्या रस्त्यानें वैराग, आणि पुढें सोलापूर येण्यापूर्वींच नान्नज लागतें. एका बाजूस शंभर किलोमीटरच्या आंतलें अंतर. सकाळीं धारा काढून निघालेला माणूस रात्रीच्या जेवणास घरीं येतो. हें गांव माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याकरितां प्रसिद्ध आहे, म्हणजे जमीन कशी असेल तें सांगावयास नको : हलकी, मुरमाड, वाऱ्यावर पडलेली. बालाघाटाच्या पठारावरील आपल्या माळांची ती सख्खी बहीण शोभेल. याच माळावर नानासाहेब काळे या बागाइतदारानें ‘थॉमसन सीडलेस’ या बिनबियांच्या जातीच्या वेलींतून निवड करून ‘सोनाका’ ही लांब मण्यांची जात पुढें आणली, आणि ‘किशमिश चोर्नी’ या काळ्या जातींतून ‘शरद सीडलेस’ ही दुसरी. तिकडे सांगली जिल्ह्यांत बोरगांवचे वसंतराव आर्वे यांनीं त्याच थॉमसनमधून ‘तास-ए-गणेश’ निवडली. या जाती कोणत्याही प्रयोगशाळेंत जन्मल्या नाहींत. शेंकडों सारख्या वेलींत एखादी काडी निराळी दिसली, ती ओळखणारा डोळा जागेवर होता, आणि त्यानें ती काडी वेगळी लावली, इतकेंच.

नान्नजास पाहावयाचें काय? घड सर्वच पाहतात. आपण प्रथम खोडाकडे पाहावें. जमिनीपासून वीतभर उंचीवर कलमाचा सांधा दिसेल. खालचें मूळ निराळ्या वेलीचें, वरची वेल निराळी. एकोणिसाव्या शतकांत मुळें खाणाऱ्या फायलोक्सेरा या किडीनें युरोपांतील मळे बसविले, तेव्हां अमेरिकेंतील रानवेलींच्या मुळांवर कलमें बांधून ते पुन्हा उभे केले गेले. आपल्याकडे त्या किडीसाठीं नव्हे, तर खारट पाणी व अवर्षण यांसाठीं तोच उपाय आला, आणि ‘डॉगरिज’ हें खुंट त्यामुळेंच सोलापूरकडे घरोघर झालें. बागाइतदारास विचारावें कीं, खुंट कोणतें, त्यावर कलम कोणत्या महिन्यांत केलें, आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी केली होती काय. आपल्या पाण्याची तपासणी करवून तिचा कागद बरोबर नेला तर तो प्रश्न अधिक नेमका विचारतां येईल.

त्यानंतर तोडणी पाहावी. खाण्याच्या द्राक्षाचा मणी ठराविक जाडीचा लागतो. त्याकरितां घड जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणांत बुडवितात, व मण्यांची दाटी कात्रीनें कमी करितात. एका घडामागें किती वेळां माणसाचा हात लागला, हें मोजून पाहिलें म्हणजे मजुरीचा आंकडा आपोआप कळतो. गोडी पाहण्याचें लहान यंत्र बागाइतदाराच्या खिशांत असतें. त्याच्या कांचेवर मण्याचा रस पिळला कीं साखरेचें प्रमाण दिसतें. खाण्याच्या द्राक्षास सतरा-अठरा अंश पुरतात. हा आंकडा लक्षांत ठेवावा. पुढील फेरींत तो उपयोगी पडेल.

परततांना वेळ उरल्यास बेदाण्याचें शेड पाहावें. पोटॅशियम कार्बोनेट व तेलापासून केलेलें एक द्रावण यांत द्राक्षें बुडवून जाळीच्या मजल्यांवर सावलींत पसरतात, व सुमारें पंधरवड्यांत बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, हें ढोबळ प्रमाण. बाजार पडला, किंवा माल परदेशी जाण्याजोगा उतरला नाहीं, तर बागाइतदारास मागें हटावयास ही एक जागा असते. खाण्याच्या द्राक्षाचा हा मोठा गुण आहे, व तो नसला म्हणजे काय होतें तें अकलूजकडे जातांना मनांत घोळवावें.

दुसरी फेरी अकलूजची. परंड्यावरून कुर्डुवाडी, तेथून टेंभुर्णी, आणि पुढें अकलूज. हा दिवस लांब पडतो, म्हणून पहांटेस निघावें. माळशिरस तालुक्यांत मोटेवाडी, गारवाड व निमगांव या भागांत ‘फ्रातेल्ली’ या कंपनीचे मळे आहेत. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’ असा होतो. इटलींतील सेच्ची, दिल्लीकडील सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील या तीन घरांतील भावांनीं २००७ सालच्या सुमारास ही भागी उभी केली, म्हणून हें नांव. मद्य करण्याचें काम टस्कनींतील पिएरो मासी या जाणत्या माणसाकडे देण्यांत आलें. टस्कनीच्या कियान्ती भागाची जी मुख्य काळी जात, ‘सांजोवेसे’, ती येथें नीरेच्या व भीमेच्या मुलखांत लावलेली आहे. ज्यास इटलीची वेल पाहावयाची आहे त्यास ती घरापासून दीडशे किलोमीटरांच्या आगेंमागें पाहतां येते. मळा पाहण्याची परवानगी आधीं कळवून घ्यावी; न सांगतां फाटकावर जाऊन उभें राहूं नये.

येथें गेल्यावर पहिला धक्का बसतो तो मंडप नसल्याचा. मद्याच्या वेली तारांच्या उभ्या कुंपणावर ओळींनीं चढविलेल्या असतात, घड कमरेच्या खालीं, व वर पानांची भिंत. दुसरा धक्का घडाचा. मणी वाटाण्याएवढा, सालीस जाड, आंत बिया, आणि वेलीवर घड मुद्दाम थोडे राखलेले. आपल्याकडील बागाइतदार तो घड पाहून बाग हातची गेली असें म्हणेल. परंतु येथें साखर बाविसांपासून चोविसांपर्यंत चढवितात, कारण साखरेचेंच पुढें मद्यार्क होतें; आणि रंग व तुरटपणा सालींत असल्यामुळें लहान मणी व जाड साल हेंच धन. काळ्या द्राक्षाचा रस पिळला तर तो बहुधा पांढराच निघतो. तांबडें मद्य करावयाचें तर रस सालींसकट आंबवितात; पांढरें करावयाचें तर साली आधींच काढून टाकतात व रस थंड ठेवलेल्या पोलादी टाक्यांत सावकाश आंबूं देतात. साधारण सवा किलो द्राक्षांपासून एक बाटली होते. हा सर्व कारखाना पाहण्यास एक तास पुरतो, आणि दूध तापवून खवा आटविणाऱ्या माणसास त्यांतील स्वच्छतेचें महत्त्व समजावून सांगावें लागत नाहीं.

चव घेण्याविषयीं दोन शब्द. ज्यांच्या गळ्यांत माळ आहे त्यांनीं पेला हातीं घेण्याचें कारण नाहीं. कारखानदार आग्रह करीत नाहींत, व केल्यास नम्रपणें नको म्हणावें. ज्यांना माल पारखावयाचा आहे त्यांनीं घोट तोंडांत फिरवून भांड्यांत टाकावा. मोठमोठे पारखीही असेंच करितात, त्यांत कमीपणा नाहीं. गाडी हांकणाऱ्यानें मात्र घोटही घेऊं नये.

आतां नाशिक. भूमहून खर्डा, जामखेड, अहिल्यानगर, राहुरी, लोणी, सिन्नर असा पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरांचा रस्ता आहे. खर्ड्यास १७९५ सालच्या मार्चांत, म्हणजे ऐन फाल्गुनांत, मराठे व निजाम यांची लढाई झाली. किल्ल्याशीं पाय मोकळे करावे. राहुरीस महात्मा फुले कृषि विद्यापीठ आहे, परंतु त्या दिवशीं तेथें थांबल्यास नाशिकास मध्यरात्र होईल. नाशिकास चार रात्री एकच बिऱ्हाड ठेवावें व इटालियन रीतीनें रोज निराळ्या दिशेस जावें. वडील मंडळींस सकाळचें गोदास्नान घडतें, हा वरचा लाभ.

नाशिकच्या द्राक्षाची हकीकत जुनी आहे. पूर्वीं येथें ‘भोकरी’ जातीची वेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढवीत. १९२५ सालीं ओझर येथें रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनीं द्राक्षशेतीस आरंभ केला, व तेथून पिंपळगांव, निफाड, दिंडोरी असा तिचा पसारा वाढला. मद्याचें द्राक्ष त्या मानानें अगदीं अलीकडचें. अमेरिकेंत शिकून आलेले राजीव सामंत यांनीं गंगापूर धरणाजवळ वडिलार्जित जमिनींत दुसरीं पिकें करून पाहिल्यावर मद्याची द्राक्षें लावलीं. त्यांच्या ‘सुला’ मळ्याचें पहिलें मद्य २००० सालीं बाजारांत आलें, आणि मळ्याचें नांव त्यांनीं आईच्या सुलभा या नांवावरून ठेविलें. राज्य सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें, व निफाड तालुक्यांत विंचूर येथें मद्याच्या कारखान्यांकरितां खास वसाहत आंखली.

पहिल्या दिवशीं गंगापूर धरणाची बाजू पाहावी. येथें पाहुण्यांची गर्दी असते, आणि ती पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यांत एक धंदा लपलेला आहे. इटलींत १९८५ सालीं शेतावरील पाहुणचाराचा कायदा झाला. त्याचें मूळ तत्त्व असें कीं, पाहुण्यांस ठेवणारा हा प्रथम शेतकरी असला पाहिजे, व पाहुणचार शेतीच्या जोडीस असावा, शेती पाहुणचाराच्या जोडीस नव्हे. आपल्या राज्यानेंही २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण केलें आहे. ज्यास द्राक्ष लावावयाचें नाहीं त्यानेंही या दिवशीं डोळे उघडे ठेवावे. कुंथलगिरीस येणारा यात्रेकरू आपल्या खव्याच्या भट्टीपाशीं तासभर बसेल काय, हा विचार नाशिकच्या मळ्यांत सुचला तर त्यांत नवल नाहीं.

दुसरा दिवस दिंडोरी व मोहाडीचा. मोहाडी येथील ‘सह्याद्रि फार्म्स’ ही विलास शिंदे यांच्या पुढाकारानें उभी राहिलेली शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी आहे. द्राक्षें निवडणें, थंड करणें, पेट्या भरणें व परदेशी पाठविणें हें सर्व येथें एका आवारांत होतें. आपल्यासारख्या संस्थेनें या दिवशीं वह्या-पेन्सिली घेऊन जावें. पेटीवरील खुणेवरून माल कोणाच्या बागेंतला हें सांगतां येतें. ही शिस्त का लागली तें विचारावें. २०१० सालीं वेलीची वाढ रोखण्याच्या औषधाचा, क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, अंश आपल्या द्राक्षांत युरोपांत सांपडला, आणि मालाचे कंटेनर तेथें अडकले. फवारणी घरच्या शिवारांत झाली होती. हिशोब हजारों कोसांवर चुकला.

तिसऱ्या दिवशीं पिंपळगांव बसवंतचा बाजार, निफाड व विंचूर. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रांत हिवाळ्यांत राज्यांतील अतिशय कमी तपमानांची नोंद होते. अशा रात्रीं मणी तडकूं नयेत म्हणून बागाइतदार पहांटे पाणी देतात किंवा शेकोट्या पेटवून धूर करितात. आणि विंचूरला गेल्यावर एक प्रश्न विचारल्याशिवाय परतूं नये : २००९ सालीं काय झालें? २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांतील पाहुणे आटले व मद्याचा खप पडला. कित्येक कारखान्यांनीं द्राक्षें उचललीं नाहींत, कित्येकांनीं उचललीं पण पैसे थकविले. ज्यांनीं करारावर विसंबून खाण्याच्या द्राक्षाऐवजीं मद्याचें द्राक्ष लावलें होतें, त्यांच्या हातीं लहान, बियांचा, जाड सालीचा माल राहिला. तो खाणार कोण? बेदाणाही त्याचा होत नाहीं. त्यानंतरच्या एकदोन वर्षांत नाशिककडे अनेकांनीं अशा वेली मुळासकट उपटल्या. त्यावर २००९ च्या नोव्हेंबरांत फयान वादळाचा पाऊस, तो निराळाच. ज्यांनीं वेली उपटल्या, त्यांतील एखाद्या बागाइतदारापाशीं चहा घ्यावा. चकचकीत तळघरापेक्षां त्या ओट्यावर अधिक शिकावयास मिळेल.

येथें आमचें मत स्पष्ट लिहितों. मद्याचें द्राक्ष हें एका गिऱ्हाइकाचें पीक आहे. तो गिऱ्हाईक सज्जन असला तरी त्याचा धंदा बुडूं शकतो, आणि वेल तर पंधरा वर्षें उभी राहते. ज्याच्या शिवारापासून कारखाना बैलगाडीच्या अंतरावर नाहीं, व ज्याच्या करारांत न उचललेल्या मालाची भरपाई लिहिलेली नाहीं, अशा भूमच्या शेतकऱ्यानें मद्याची वेल पाहून यावी, लावूं नये. खाण्याच्या द्राक्षाचा प्रश्न निराळा आहे, व त्याचें उत्तर पाण्यांत आहे.

परतीस नाशिक-पुणें रस्ता धरावा. नारायणगांवास जुन्नरकडील काळीं द्राक्षें पाहावयास मिळतात. पुण्याजवळ सोलापूर रस्त्यावर मांजरी येथें १९९७ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. माती व पाण्याच्या तपासणीचे कागद येथें दाखवून कोणतें खुंट सोसेल याचा सल्ला मागावा. राज्यांतील द्राक्ष बागाइतदार संघाचीं प्रकाशनेंही घ्यावीं. तेथून टेंभुर्णी-कुर्डुवाडीवरून घरीं.

जातांना पाळावयाच्या कांहीं गोष्टी थोडक्यांत. दुसऱ्याच्या बागेंत विचारल्याशिवाय घड तोडूं नये, मणी चाखूंही नये. त्यावर दोन दिवसांपूर्वीं काय फवारलें आहे हें आपणांस ठाऊक नसतें. एका बागेचा चिखल बुटांवरून दुसऱ्या बागेंत नेऊं नये. काड्या किंवा रोपें फुकट मिळालीं तरी आणूं नयेत. पिठ्या ढेकूण असाच गांवोगांव गेला. बागाइतदारास उत्पन्न किती हा प्रश्न पहिला विचारूं नये. खर्च किती हा विचारावा. उत्पन्न तो आपण होऊन सांगतो, आणि पुष्कळदां वाढवून सांगतो.

या सहलींत एक उणीव राहते, व ती सर्वांत मोठी आहे. वसंतांत गेलेल्या माणसास वेलीचें लग्न दिसतें. तिची तहान दिसत नाहीं. तोडणी झाल्यावर महिन्याभरांत खरड छाटणी होते, मंडप उघडा पडतो, आणि त्या रखरखींत वेलीस नव्या काड्या काढावयाच्या असतात. पुढील वर्षीं घड येणार कीं नुसती पानें, हें त्या एप्रिल ते जूनच्या काड्यांच्या डोळ्यांत आंतल्या आंत ठरतें. म्हणजे ज्या दिवसांत भूमच्या विहिरींचा तळ दिसूं लागतो, नेमक्या त्याच दिवसांत बागेस पाणी टाळतां येत नाहीं. ज्वारी पाणी मिळालें नाहीं तर एक हंगाम नेते. वेल मेली तर लोखंड, तार आणि कर्जाचे हप्ते तेवढे शिवारांत उभे राहतात. सोलापूरकडे अनेकांनीं शेततळीं कां खणलीं व उन्हाळ्यांत टँकर कां लावले, याचें कारण हेंच. गारपिटीचा धोका वेगळाच. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांत मराठवाडा, सोलापूर व नाशिक या तिन्ही भागांत ती झाली, आणि तिच्यापुढें शेततळेंही चालत नाहीं.

म्हणून या योजनेंत तिसरी एक फेरी आम्ही घातली आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, ऊन डोक्यावर असतां, ज्या बागेंत माघांत घड पाहिले त्याच नान्नजच्या बागेंत पुन्हा जावें. त्या वेळीं तेथें पाहण्यासारखें कांहीं नसेल : बोडक्या ओलांड्यांवर कोंवळे फुटवे, बुडख्याशीं आच्छादन, आणि ठिबकाचा थेंब. बागाइतदारास विचारावें कीं, आज एका एकरास किती लिटर पाणी दिलें, तें कोठून आणलें, आणि मृग लांबला तर किती दिवस पुरेल. तो आंकडा लिहून आणावा.

त्या फेरीस निघण्याच्या आदल्या दिवशीं प्रत्येकानें घरीं एक काम करून ठेवावें. एका दोरीस दगड बांधून ती आपल्या विहिरींत सोडावी, पाण्याच्या पृष्ठभागापाशीं एक गांठ व तळापाशीं दुसरी गांठ मारावी. मग मोटार दोन तास चालवून पाणी कितीनें उतरलें, व दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत कितीनें चढलें, तेथें आणखी दोन गांठी माराव्या. नान्नजहून परत आल्यावर चार गांठींची ती दोरी व बागाइतदाराचा आंकडा लिहिलेला कागद संस्थेच्या बैठकींत एकत्र मांडावा. खुंटरोपांची मागणी कोणी कळवावयाची व कोणी नाहीं, याचा विचार त्या बैठकींत करूं.